गाडीवरचे नाव

आमच्या अब्बांनी आयुष्यात दोनच कागद जपून ठेवले. एक द्वारकेजवळच्या पत्र्याच्या शेडची भाडेपावती आणि दुसरा शाळेच्या वहीतून फाडलेले एक पान. त्या पानाची ही हकीकत आहे. ती सांगताना आम्हा दोघा भावांना थोडी शरम वाटते. तरीही सांगतो, कारण आमच्यासारखी चार मुले आज ना उद्या त्याच वळणावर उभी राहणार आहेत.

अब्बा डेंटर. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि बाराव्या वर्षी भद्रकालीतल्या एका उस्तादांच्या हाताखाली लागले. 1984 साली त्यांनी स्वतःची शेड टाकली. त्या काळात फियाट आणि अँबॅसिडरचा पत्रा जाड असे. पोचा आला की आतून डॉली धरायची, बाहेरून हातोडा चालवायचा. मग लांबी भरायची, ती पाणीपेपरने घासायची, अस्तर मारायचे आणि शेवटी रंगाचा हात. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणारे ट्रक, मॅटाडोर, टेंपो आमच्या शेडसमोर रांग लावून उभे असत. अब्बा डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवत आणि म्हणत, "आँख धोका देती है, हथेली नहीं देती."

मोटारीच्या कामात आपली माणसे इतकी का, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. ज्या धंद्याला भांडवल कमी लागते, प्रमाणपत्र कोणी विचारत नाही आणि हुन्नर चाचा-मामूंकडून फुकट मिळतो, तिथे माणूस आपोआप जातो. नोव्हेंबर 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. मुस्लिम कामगार नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा कमी आहे, हे त्यात आकड्यांनिशी लिहिले होते. आमच्या मोहल्ल्याला ते वाचून नवल वाटले नाही. आमच्या शेडला तीस वर्षांत कुठल्याच बँकेने दारात उभे केले नव्हते. खरे सांगायचे तर अब्बाही कधी गेले नव्हते. व्याजाचा पैसा त्यांना नको होता.

पण काळ बदलला. 2002 मध्ये स्कॉर्पिओ आली, ती आमच्याच नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. बंपर प्लॅस्टिकचे झाले, पत्रा पातळ झाला. विम्याची कामे मोठ्या सर्व्हिस सेंटरांकडे जाऊ लागली. तिथे गिऱ्हाईक विम्याचा कागद दाखवतो, थोडेफार भरतो आणि गाडी घेऊन जातो. आमच्याकडे मात्र पूर्ण रक्कम रोख मोजावी लागे. शेडसमोरची रांग आखडत गेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, आमच्या जिल्ह्यातही झाली. शेतकऱ्याच्या बागा झोपल्या आणि गाड्यांच्या टपांवर गारांचे शेकडो पोचे पडले. आम्ही नेहमीच्या रीतीने टप खरवडून, लांबी भरून, रंग मारून देत होतो. त्याच वेळी मोबाइलवर आम्ही एक चित्रफीत पाहिली. परदेशातला एक कारागीर लोखंडी सळई पत्र्याच्या आतून घालून, रंगाला धक्का न लावता, एक एक पोचा हळूहळू वर उचलत होता. तिकडे असे कारागीर गारपिटीच्या मागे गावोगाव फिरतात आणि गिऱ्हाइकाच्या दारात काम करतात, हे तेव्हा कळले. आमच्या डोक्यात किडा शिरला तो तिथूनच.

आम्ही दोघे भाऊ. थोरल्याने सातपूरच्या आयटीआयमध्ये शिक्षण घेतले, धाकटा बी.कॉम. झाला. 2017 च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका प्रदर्शनात एका कंपनीची माणसे भेटली. 'चालते-फिरते बॉडी रिपेअर' ही त्यांची कल्पना. एक बंदिस्त व्हॅन, आत आवाज न करणारा कंप्रेसर, छोटी स्प्रे गन, रंग वाळवायचा दिवा, वर ताणायची छत्री. गिऱ्हाइकाने फोन करायचा, आपण त्याच्या पार्किंगमध्ये जायचे, बंपरचा कोपरा किंवा दारावरचा ओरखडा तीन तासांत दुरुस्त करून यायचे. नाव कंपनीचे, मेहनत आपली. तीन वर्षांचा करार. फी तीन लाख. कंपनीचा सामान-संच दोन लाख. जुनी व्हॅन घेतली तर अडीच लाख. तिच्यावरचे रंगकाम, बोर्ड आणि आठ दिवसांचे प्रशिक्षण मिळून पन्नास हजार. एकूण आठ लाख.

आमच्या घरात आठ लाख नव्हते. पाच लाख होते आणि ते कोणाचे होते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. अब्बा-अम्मींच्या हजचे. अम्मीने शिलाई मशीनवर आणि अब्बांनी हातोड्यावर वर्षानुवर्षे जमवलेले.

आम्ही विषय काढला नाही, अम्मीने काढला. म्हणाली, "बच्चे खड़े हो जाएँगे तो हज भी हो जाएगा." हातातल्या चार बांगड्या तिने काढून ठेवल्या, त्यांचे दीड लाख आले. उरलेले दीड लाख मामूंनी बिनव्याजी दिले. अब्बा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर त्यांनी वहीचे एक पान फाडले आणि आमच्यासमोर ठेवले. म्हणाले, "बोला. रक्कम बोला, मुदत बोला. मी लिहितो."

आम्हाला हसू आले. बाप-लेकांत कसला कागद? तेव्हा अब्बांनी सूरह बकरहची आठवण दिली. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाविषयी नाही, ती देण्याघेण्याच्या कागदाविषयी आहे. मुदतीचे कर्ज असेल तर लिहा, लहान असो की मोठे, लिहायचा कंटाळा करू नका, दोन साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय. आणि तिच्यात एक गोष्ट अशी की मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगायचा. ज्याच्या मानेवर बोजा येणार त्याच्या तोंडून शब्द यावेत, म्हणजे आपण काय कबूल करतो हे त्याला कळेल. आम्ही बोललो, अब्बांनी उर्दूत लिहिले. पाच लाख हजची अमानत, दीड लाख अम्मीच्या बांगड्यांचे, मुदत तीन वर्षे. खाली मामू आणि शेजारचे चाचा साक्षीदार.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा करार आला. अडतीस पाने, इंग्रजीत, बारीक अक्षर. त्यातला एकही शब्द आम्ही सांगितलेला नव्हता. बी.कॉम. झालेल्या धाकट्याने पहिली सहा पाने वाचली, पुढची चाळली, आणि प्रत्येक पानावर आम्ही सह्या केल्या. चौथी शिकलेल्या बापाने एका पानासाठी दोन साक्षीदार बसवले, आणि शिकलेल्या मुलांनी अडतीस पानांसाठी एक वकीलही बसवला नाही. आमची शरम ती हीच.

सुरुवात चांगली झाली, हे नाकारणार नाही. कंपनीने शिकवले ते खरे हुन्नर होते. सळईने पोचा उचलणे, रंगाच्या कोडवरून छटा जुळवणे, नवा रंग जुन्यात असा विरवणे की जोड दिसू नये. काचेसारखा वरचा थर मारताना तोंडाला चांगला मास्क हवा, हेही तिथेच कळले. त्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते आणि ते वर्षानुवर्षे श्वासात गेले तर दमा जडतो. अब्बा तोंडाला रुमाल बांधून रंग मारत आले. त्यांच्या खोकल्याला आम्ही इतकी वर्षे थंडीचा खोकला समजत होतो.

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. ज्या सोसायट्यांच्या फाटकातून आत जायला पूर्वी चार प्रश्न विचारले जात, तिथे कंपनीचे नाव लिहिलेली व्हॅन पाहून वॉचमन सलाम ठोकू लागला. उन्हाळ्यातल्या चांगल्या महिन्यात एक लाख दहा हजारांचे काम झाले.

मग हिशेब मांडला. रॉयल्टी बारा टक्के, पण ती नफ्यावर नाही, एकूण धंद्यावर. आणि बारा टक्के कितीही होवोत, महिन्याला किमान पंधरा हजार द्यायचेच. हे अकराव्या पानावर होते. रंग, लांबी, पेपर, सारे सामान कंपनीकडूनच घ्यायचे, बाहेर स्वस्त मिळाले तरी. हे सतराव्या पानावर. त्या महिन्यात रॉयल्टीचे पंधरा हजार, सामानाचे तेहतीस, इंधनाचे नऊ आणि हाताखालच्या पोराचे दहा हजार गेले. दोन भावांच्या दोन संसारांना उरले त्रेचाळीस हजार. वाईट नव्हते.

पण नाशिकला पावसाळाही असतो. जूनपासून आभाळ भरून येते आणि रंगाचे काम उघड्यावर करणाऱ्याचे हात बांधले जातात. हवेत ओल असली की वरच्या थराला पांढुरकी झाक येते, बारीक फोड येतात. छत्री ताणून पाऊस अडतो, ओल अडत नाही. जुलैमध्ये पस्तीस हजारांचे काम झाले. सामान साडेदहा, इंधन चार, पोराचे दहा आणि रॉयल्टी तीच, पंधरा. साडेचार हजार खिशातून गेले. त्याच 1 जुलैला जीएसटी आला. वीस लाखांच्या आतल्या धंद्याला नोंदणीतून सूट होती, पण करारात नोंदणी सक्तीची. अडीच हजारांचे बंपरचे काम गिऱ्हाइकाला दोन हजार नऊशे पन्नासला पडू लागले. तो द्वारकेला जाऊन तेच काम आमच्या चुलतभावाकडून पावतीशिवाय करून घेऊ लागला.

अब्बांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पावसात उस्ताद भाडं माफ करायचे. त्यांनी ते कधी लिहून दिलं नव्हतं, पण त्यांना पाऊस दिसायचा." कंपनीचे ऑफिस होते दूरच्या शहरात. तिथून नाशिकचा पाऊस दिसत नसावा.

आता नावाची गोष्ट. कंपनीच्या शर्टावर नावाची पट्टी लावायची असे. एरिया मॅनेजर एकदा सहज म्हणाला, "छोटं नाव लावा ना काहीतरी. गिऱ्हाइकाला सोपं जातं." त्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला धंदा वाढवायचा होता आणि कोणती दारे कशाने उघडतात हे त्याला ठाऊक होते. आम्हालाही ठाऊक होते. धाकट्याने 'राजू' अशी पट्टी करून घेतली. घरात त्याला राजू म्हणतच असत, म्हणून मनाला समजावणे सोपे गेले.

गंगापूर रोडला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या जुन्या गाडीचा दरवाजा आम्ही दुरुस्त केला. काम चालू असताना त्यांनी चहा आणून दिला आणि विचारले, "राजू, पूर्ण नाव काय रे तुझं?" त्याने सांगितले. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "इतकं छान नाव आहे. मग राजू कशाला?" उत्तर देता आले नाही. दुसऱ्या एका सोसायटीत याच्या उलट झाले. तिथे दर महिन्याला दोन-तीन गाड्या मिळत. एकदा शुक्रवारच्या नमाजला जायचे म्हणून आम्ही वेळ बदलून मागितली. पुढच्या महिन्यापासून तिथला फोन आला नाही. कारण कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. कदाचित कारण दुसरेच असेल. आपल्या माणसाला ही 'कदाचित' आयुष्यभर खांद्यावर वागवावी लागते. तिचे वजन कुठल्याच हिशेबात मांडता येत नाही.

अब्बांनी ती पट्टी एकदा दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर पाहिली. बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "अकीक्याला दोन बकरे दिले होते तुझ्या नावाचे." बस, एवढेच. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.

2019 च्या हिवाळ्यात अम्मी गेली. आजार मोठा होता, दिवस थोडे मिळाले. शेवटच्या दिवसांत तिने एकदाही बांगड्यांचा किंवा हजचा विषय काढला नाही. उलट विचारायची, "आज गाडी कहाँ गई थी?" आम्ही भागाचे नाव सांगायचो, ती मान हलवायची. आमच्या व्हॅनबरोबर ती नाशिकभर हिंडून आली. मक्केला मात्र जाऊ शकली नाही. वहीच्या पानावरची तीन वर्षांची मुदत तेव्हा संपत आली होती आणि आम्ही एक लाख सुद्धा परत केले नव्हते.

करार 31 मार्च 2020 ला संपणार होता. वाढवायचा नाही हे ठरले होते. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि आमच्या कराराचे शेवटचे सात दिवस व्हॅन शेडसमोर उभी राहूनच गेले. कंपनीकडून ईमेल आला, चौतिसाव्या पानाची आठवण देणारा. करार संपल्यावर दोन वर्षे असाच धंदा करायचा नाही. म्हणजे आठ लाख देऊन आम्ही हुन्नर विकत घेतले होते आणि आता दोन वर्षे हात खिशात ठेवायचे होते.

या वेळी मात्र आम्ही वकिलाकडे गेलो. टाळेबंदी सैल झाल्यावर जिल्हा न्यायालयाजवळच्या एका वकीलसाहेबांनी अडतीसही पाने वाचली. त्यांनी सांगितले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. आपल्या देशात फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत 1979 पासून नियम आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने आपली सगळी माहिती घेणाऱ्याला आधी लेखी द्यावी, आणि आज तिथे सही किंवा पैशांच्या किमान चौदा दिवस आधी ती हातात पडावी लागते. आपल्याकडे 1872 चा करार कायदाच चालतो. पण त्याच कायद्याचे 27 वे कलम म्हणते की माणसाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. करार चालू असताना अशी अट चालते. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तसे म्हटले आहे. करार संपल्यावर मात्र कोणाचे हात असे बांधून ठेवता येत नाहीत. त्यांचे नाव, त्यांचे चिन्ह वापरू नका, बाकी पोचा काढायला तुम्ही मोकळे आहात, असे ते म्हणाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या कायद्यात आमच्यासाठी एक ओळ ठेवलेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

व्हॅनवरचे कंपनीचे नाव आम्ही स्वतः घासून काढले. पाणीपेपर, लांबी, अस्तर, रंग. अब्बा खोकत खुर्चीवर बसून पाहत होते. नवीन रंग वाळल्यावर विचारले, काय लिहायचे? अब्बा म्हणाले, "जे आहे ते." आम्ही अब्बांचे पूर्ण नाव लिहिले, मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना. त्या वर्षी लोक गाडी बाहेर न्यायला घाबरत होते, दारात येणारा कारागीर त्यांना हवा होता. जुन्या गिऱ्हाइकांतले निम्मे परत आले. त्या शिक्षिकाबाईंचा फोन पहिला होता. काही फाटकांवर आता पुन्हा चार प्रश्न विचारतात. आम्ही उत्तरे देतो. पावसाळ्यात व्हॅन उभी करून शेडमध्ये काम करतो. सामान जिथे चांगले आणि रास्त मिळेल तिथून घेतो. फायदा फार नाही, पण आता पंधरा हजार दूरच्या शहरात जात नाहीत.

कंपनीला आम्ही लुटारू म्हणणार नाही. त्यांनी शिकवले आणि त्याची किंमत घेतली. सगळे कागदावर लिहिलेही होते. न वाचण्याचा गुन्हा आमचा. कोणी अशा धंद्यात पैसे घालणार असेल तर आमचे इतकेच मागणे आहे. जे चालवत आहेत त्यांना भेटाच, पण जे सोडून गेले त्यांना आधी भेटा. हप्ता धंद्यावर आहे की नफ्यावर, किमान रकमेची अट आहे का, पावसाळ्यात काय, सामान कोणाकडून घ्यायचे, तुमच्या भागात दुसऱ्याला फ्रँचायझी देणार का, भांडण झाले तर कोणत्या गावच्या कोर्टात जायचे, हे विचारा. उत्तर तोंडी मिळाले तर म्हणा, लिहून द्या. आणि सही करण्याआधी सगळा मजकूर आपल्या भाषेत घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. जे त्यांना समजावून सांगता येत नाही, ते आपल्यालाही समजलेले नसते.

हजची अमानत 2022 अखेर पुरी झाली. 2020 आणि 2021 मध्ये बाहेरच्या देशातून हाजी जाऊच शकले नाहीत. 2022 मध्ये पासष्टच्या आतल्यांनाच परवानगी होती आणि अब्बा अडुसष्टचे होते. 2023 मध्ये ती अट निघाली, हज कमिटीच्या कुर्‍यात नाव आले, आणि अब्बा गेले. एकटे गेले. तिथे त्यांनी अम्मीच्या नावाने एक उमरा केला.

परत आल्यावर त्यांनी ते वहीचे पान मागितले. पाच लाखांच्या ओळीसमोर उर्दूत 'वसूल' लिहिले आणि तारीख टाकली. मामू आणि चाचा यांना बोलावून पुन्हा सह्या घेतल्या. दीड लाखांची ओळ त्यांनी तशीच ठेवली. आम्ही म्हणालो, "अब्बा, ते पैसेही तयार आहेत." ते म्हणाले, "ही ओळ माझी नाही. ज्याची आहे त्याच्या नावाने खर्च करा, मग लिहू."

अम्मीच्या नावाने हज-ए-बदल करायचा ठरला आहे. दीड लाख बाजूला आहेत, उरलेल्या रकमेसाठी दर महिन्याला व्हॅनच्या कमाईतून पहिले पैसे निघतात, घरखर्चाच्याही आधी. अब्बांची तब्येत साथ देईल तर तेच जाणार. ते पान अजून त्यांच्याकडे आहे. वरची ओळ फिटली आहे, खालची मोकळी आहे.